आजीबाईचा बटवा आणि मांजराचा जीव

ऑकलंड शहराच्या दक्षिण अंगाला, मानुकाऊ बंदराकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर वसलेल्या हिल्सबरोसारख्या उपनगरात स्थिरावलेल्या मराठी घरांत मांजर आणले जाते, तेव्हा त्याच्याबरोबर एक जुने मतही घरात येते. मांजराला सहसा काही होत नाही, झालेच तर ते जखम चाटून स्वतःचे स्वतः बरे होते, आणि त्यातूनही काही उरले तर चिमूटभर हळद, वाटीभर कोमट दूध आणि तापाची अर्धी गोळी यांवर भागते, असे ते मत आहे. त्याच मताची एक शिकलेली आवृत्तीही आढळते. तिच्या मते प्रथमोपचार हे अर्धवट ज्ञानाचे क्षेत्र आहे, पशुवैद्य असताना सामान्य माणसाने त्यात हात घालू नये आणि म्हणून ते शिकण्याचीही गरज नाही. पहिले मत नको ते करायला लावते आणि दुसरे करायला हवे तेही करू देत नाही. परिणाम मात्र एकच होतो, की ज्या अर्ध्या-पाऊण तासावर मांजराचा जीव अवलंबून असतो, तो अर्धा-पाऊण तास कोणत्याही मदतीविना निघून जातो. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि त्यांची चूक मांजराला भोगावी लागत असल्यामुळे त्यांना सौम्य शब्दांत चुकीचे म्हणून सोडून देता येत नाही.

प्रथमोपचार या शब्दाचा अर्थ आधी नीट करून घेणे आवश्यक आहे, कारण बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. प्रथमोपचार म्हणजे घरच्या घरी केलेला इलाज नव्हे. प्राण्याची स्थिती आहे त्याहून बिघडू न देता त्याला जिवंतपणी पशुवैद्याच्या टेबलापर्यंत पोचवण्यासाठी जे करावे लागते आणि जे कटाक्षाने टाळावे लागते, त्या दोन्हींना मिळून प्रथमोपचार म्हणतात. मांजराच्या बाबतीत यातला टाळण्याचा भाग करण्याच्या भागापेक्षा मोठा आहे, आणि आजीबाईच्या बटव्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना हीच गोष्ट पटत नाही.

पहिला दावा असा, की मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवरच पडते. इंग्रजी बोलणारे शेजारी त्याला नऊ जीव बहाल करतात. पडताना अंग वळवून पाय खाली घेण्याची मांजराची क्षमता खरी आहे, पण चार पायांवर पडणे आणि न दुखावता पडणे या एकच गोष्टी आहेत काय? न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली हा आकडा तेव्हापासून या समजुतीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. ही सर्व मांजरे रुग्णालयात आणलेली होती, जी जागीच मेली त्यांना तेथे कोणी आणले नव्हते, आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळ मांजरे उपचारांमुळे वाचली, हे सांगताना गाळले जाते. त्यांच्या छातीला मार बसला होता, जबडे मोडले होते, टाळू फाटल्या होत्या. पायांवर पडलेल्या मांजराची हनुवटी पाठोपाठ जमिनीवर आदळते आणि फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साचू लागते. असे मांजर पहिला अर्धा तास नुसते गप्प बसलेले दिसू शकते. हिल्सबरोत इमारती उंच नसल्या, तरी उतारावरची दुमजली घरे, त्यांचे लाकडी डेक आणि जवळून धावणारा दक्षिण-पश्चिम मोटरवे आहेच. पडलेले किंवा गाडीचा धक्का लागलेले मांजर चालते आहे म्हणून ठीक आहे, असे ठरवण्याचा अधिकार ‘चार पायांवर पडते’ या वाक्याने कोणालाही मिळत नाही.

मांजर स्वतःच बरे होते, हा दुसरा दावा मांजराच्या स्वभावाचा चुकीचा अर्थ लावण्यातून जन्मला आहे. मांजर शिकार करणारे असले तरी आकाराने लहान आहे, निसर्गात ते स्वतःही मोठ्या प्राण्यांची शिकार होते, आणि दुखणे उघड करणारा लहान प्राणी तेथे फार काळ टिकत नाही. म्हणून ते कण्हत नाही, लंगडणे लपवते, कपाटामागे जाऊन बसते. ही लपवाछपवी पाहून ते विश्रांती घेत आहे असे घरच्यांना वाटते. ते घुरघुरते आहे म्हणजे मजेत आहे, हा समजही तितकाच निराधार आहे, कारण वेदनेत असलेली आणि मरणाच्या दारातली मांजरेही घुरघुरतात. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी मांडली. कान बाजूला वळून चपटे होणे, डोळे बारीक होणे, तोंडाभोवतीचे स्नायू ताणले जाणे, मिशा सरळ ताठ होणे आणि डोके खांद्यांच्या पातळीखाली झुकणे, या पाच गोष्टी तीत पाहिल्या जातात. त्या पाहण्यासाठी पदवी लागत नाही, पण आपले मांजर एरवी कसे दिसते हे माहीत असावे लागते.

चाटण्याविषयीही तेच. बोक्यांच्या भांडणात लागलेला दात बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडतो, ते छिद्र एका दिवसात मिटते, आणि तोंडातले जंतू कातडीखाली बंद होऊन दोन ते पाच दिवसांत तेथे पू साचतो. ज्याला लोक जखम भरली म्हणतात, तो क्षण बहुधा गळू सुरू होण्याचा असतो. ऑकलंडमध्ये बहुतेक मांजरे घराबाहेर हिंडतात, त्यामुळे हा प्रकार नित्याचा आहे, आणि जिभेने तो बरा होत नाही.

आता बटव्याकडे वळले पाहिजे, कारण खरी हानी तेथे होते. आजीबाईच्या बटव्यातल्या पुष्कळ गोष्टी माणसासाठी उपयोगी असतील. हा वाद माणसाविषयी नाही. मांजराचे यकृत माणसाच्या यकृतासारखे काम करत नाही, या एका शास्त्रीय तथ्यावर सगळा प्रश्न उभा आहे. अनेक औषधे आणि वनस्पतिजन्य द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यासाठी माणसाचे यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते आणि ती पाण्यात विरघळतील अशी करते. या क्रियेला ग्लुकुरोनिडेशन म्हणतात. ती घडवणारे एक महत्त्वाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, मांजरात जवळजवळ निकामी आहे. मांस खाणाऱ्या या प्राण्याला वनस्पतींतली विषे पचवण्याची गरज पडली नसावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. कारण काहीही असो, माणसाच्या शरीरातून काही तासांत निघून जाणारे द्रव्य मांजराच्या शरीरात साचत राहते.

घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी याचे सर्वांत भयंकर उदाहरण आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर दर किलोला साधारण ८ मिलिग्रॅम औषध पडते. चार किलोच्या मांजराला त्याच गोळीचा अर्धा तुकडा दिला तर दर किलोला ६२ मिलिग्रॅमहून अधिक पडते, आणि मांजरात दर किलोला १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. औषधाचे विषारी अवशेष रक्तातल्या हीमोग्लोबिनचे रूप बदलतात आणि ते प्राणवायू वाहून नेईनासे होते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास धापेचा होतो. मांजर आजारी होते म्हणून गोळी दिली आणि तरीही गेले, असे सांगणाऱ्या घरात ते गोळीमुळे गेले असण्याची शक्यता कोणी तपासते काय? आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन यांचीही गोष्ट वेगळी नाही. अर्धी गोळी म्हणजे कमी धोका, या हिशेबात मांजराचे वजन आणि त्याचे यकृत हे दोन्ही आकडे धरलेलेच नसतात.

जखम धुण्यासाठी बादलीत डेटॉल ओतण्याची मराठी घरातली सवय अशीच आहे. डेटॉलमधला जंतुनाशक घटक फिनॉल या रसायनाच्या कुळातला आहे, आणि फिनॉल कुळातल्या द्रव्यांचा निचरा करण्याची ताकद मांजराकडे वर सांगितलेल्या कारणाने नाही. त्यात भर म्हणजे अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट मांजर चाटून पोटात घेते, त्यामुळे त्याच्या बाबतीत ‘वरून लावण्याचे औषध’ असा निराळा वर्गच उरत नाही. ओव्याच्या अर्कातला थायमॉल याच कुळातला. म्हणून पोटदुखीवर ओव्याचा अर्क पाजणे हाही मांजरासाठी उपाय ठरत नाही. सर्दीसाठी नाकाशी बाम लावणे किंवा देवघरातला कापूर हुंगवणे हे तर टाळलेच पाहिजे, कारण कापराने मांजराला झटके येऊ शकतात. निलगिरीचे आणि टी-ट्रीचे तेल नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हा युक्तिवाद ऐकू येतो तेव्हा सापाचे विषही नैसर्गिकच असते, याची आठवण करून द्यावी लागते.

हळदीचा मुद्दा इतका प्राणघातक नाही, पण तिच्यावरची श्रद्धा अधिक घट्ट आहे. डब्यातली हळदपूड निर्जंतुक नसते. ओल्या जखमेत ती लगदा होऊन बसते, खाली पू होत असेल तर दिसू देत नाही, आणि पशुवैद्याला आधी ती खरवडून काढण्यात वेळ घालवावा लागतो. जखम स्वच्छ करण्यासाठी उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवले की पुरते. समईच्या ज्योतीने किंवा सांडलेल्या गरम तेलाने भाजलेल्या भागावरही हळद, तूप, टूथपेस्ट आणि बर्फ यांतले काही लावायचे नसते. नळाचे गार पाणी दहा ते वीस मिनिटे हळुवार धरायचे आणि तेवढ्या काळात उरलेले अंग उबदार ठेवायचे, एवढेच करायचे असते. ही कृती साधी आहे, म्हणून ती पुरेशी नाही असे वाटते, आणि बटवा उघडला जातो.

दूध हा विषावर उतारा आहे, ही समजूतही दूर झाली पाहिजे. दूध बहुतेक विषांना निष्प्रभ करत नाही, आणि पुष्कळ प्रौढ मांजरांना ते पचतही नाही. कांदा-लसणाचा रस्सा भातात कालवून मांजरापुढे ठेवणाऱ्यांना हेही सांगावे लागेल, की कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात आणि काही दिवसांनी पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, होतो. लंघनाचे तत्त्व मांजराला लावणे त्याहून घातक आहे. आजारी माणसाने एक दिवस उपास केला तर त्याला हलके वाटेल. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही तर शरीरातली चरबी वेगाने यकृतात साचते आणि यकृत निकामी होऊ लागते. ‘पोट बिघडले असेल, राहू दे उपाशी’ हे वाक्य मांजराच्या बाबतीत उपचाराचे नाही.

बटव्यातला शेवटचा आणि सर्वांत हट्टी उपाय उलटी करवण्याचा आहे. काही विषारी खाल्ले की मिठाचे पाणी पाजावे, हा सल्ला मराठी घरांत सहज दिला जातो. मिठाच्या पाण्याने मांजराच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. इंग्रजी पुस्तकांतून उचललेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या उपायाने त्याच्या जठराला रक्तस्राव होईल इतकी इजा होते. आणि पोटात गेलेला पदार्थ दाहक असेल तर तो वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो. घरात मांजराला उलटी करवण्याची सुरक्षित रीत उपलब्ध नाही. रोगापेक्षा औषध जालीम ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

याउलट जे ओळखायला हवे त्याकडे बटव्याचे लक्षच नाही, कारण ती संकटे आजीच्या अंगणात नव्हती. न्यूझीलंडमध्ये नाताळ भर उन्हाळ्यात येतो आणि पांढऱ्या, सुवासिक लिलीची फुले त्याच सुमारास फुलून ‘ख्रिसमस लिली’ या नावाने घरोघरी फुलदाणीत येतात. लिलियम या प्रजातीची आणि डे-लिलीची पाने, पाकळ्या, पराग, फार काय फुलदाणीतले पाणीदेखील मांजराचे मूत्रपिंड निकामी करते. पाठीवर सांडलेले पराग मांजराने चाटले तरी तेवढे पुरते. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग त्या थांबतात आणि मांजर सावरल्यासारखे दिसते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड काम करेनासे होते. स्वतःच बरे झाले असे म्हणण्याचा मोह ज्या टप्प्यावर होतो, नेमक्या त्याच टप्प्यावर उपचारांचा वेळ संपत असतो. शिरेतून द्रव देणे साधारण १८ तासांच्या आत सुरू झाले तर वाचण्याची शक्यता बरी असते. म्हणून लिलीचा पराग दिसताच तो ओल्या कापडाने पुसणे, झाडाचा तुकडा पिशवीत घेणे आणि लक्षणांची वाट न पाहता निघणे हा येथला प्रथमोपचार आहे.

दुसरे संकट कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या औषधाचे. मानेवर टाकण्याच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक तीव्र प्रमाणात असते. कुत्र्याला ते चालते, मांजराला त्याने थरथर सुटते आणि झटके येतात. ऑकलंडच्या सौम्य, दमट हवेत पिसवा वर्षभर सतावतात, आणि कुत्र्यासाठी आणलेल्या नळीतले थोडे मांजरालाही लावण्याची चूक काटकसरीच्या सद्हेतूने होते. अशा वेळी भांडी घासण्याच्या साबणाने कोमट पाण्यात औषध धुऊन काढायचे, गरम पाणी वापरायचे नाही कारण त्याने कातडीतून औषध अधिक शोषले जाते, आणि मग मांजर कोरडे करून उबदार ठेवत रुग्णालय गाठायचे. त्याला झटके येत असतील, तर मात्र धुण्यात वेळ न घालवता तसेच न्यायचे. यातला एकही निर्णय चमचाभर हळदीने होत नाही.

येथवर आल्यावर शिकलेल्या मताचे लोक समाधानाने म्हणतील, की घरी काहीच करू नये, हेच तर त्यांचे म्हणणे होते. ते तसे नव्हते आणि नाही. चार किलोच्या मांजरात सारे मिळून साधारण २४० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचे दोन छोटे पेले भरतील इतके. काचेने कापलेल्या पंजातून रक्त वाहत असताना पशुवैद्याकडे जाईपर्यंत हात बांधून बसणे हे शहाणपण आहे काय? स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून सलग पाच मिनिटे, मधे उचलून न पाहता, दाबून धरायची. ती भिजली तर तीवरच दुसरी घडी ठेवायची. दोरीने करकचून बांधायचे नाही. एवढ्याने जो जीव राहतो तो राखण्यासाठी कोणत्या विद्यापीठाची परवानगी लागते? झटके येत असलेल्या मांजराच्या तोंडात बोट न घालणे, खोलीत अंधार करणे, घड्याळ पाहणे आणि झटका पाच मिनिटांवर गेला तर तत्काळ निघणे. तोंडातून लोंबणारा दोरा, मग तो राखीचा असो, सुईत ओवलेला असो वा नाताळच्या झाडाची चमकी असो, ओढून न काढणे, कारण त्याचे दुसरे टोक आतड्यात अडकले असेल तर ओढताना आतडे चिरते. दुखऱ्या डोळ्यात घरात उरलेले माणसाचे थेंब न टाकणे, कारण त्यांत स्टेरॉइड असेल तर बुबुळावरची जखम वाढते: हे सारे ज्ञान सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे. अर्धवट ज्ञान धोक्याचे, हे मान्य. त्यावरचा उपाय ते पूर्ण करणे हा आहे.

शिवाय येथे एक व्यावहारिक सत्य आहे. माणसासाठी १११ हा क्रमांक फिरवला की न्यूझीलंडमध्ये रुग्णवाहिका येते. मांजरासाठी ती येत नाही. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी उघडी असणारी पशुरुग्णालये ऑकलंडसारख्या पसरलेल्या शहरातही मोजकीच आहेत. त्या प्रवासात मांजराजवळ जो माणूस बसलेला असतो तोच त्याचा एकमेव उपचारक असतो. स्वस्थ मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० वेळा श्वास घेते, त्याच्या हिरड्या गुलाबी असतात, बोटाने दाबून सोडल्यावर त्यांचा रंग दोन सेकंदांच्या आत परततो, आणि शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकणारे मांजर दमलेले आहे असे समजायचे नाही. ते जवळजवळ नेहमीच संकटात असते. हे ज्याला ठाऊक आहे तो फोनवर पशुवैद्याला दोन वाक्यांत उपयोगी माहिती देतो. ज्याला ठाऊक नाही तो ‘कसेतरीच करते आहे’ एवढेच सांगतो, आणि पलीकडच्या तज्ज्ञाच्या ज्ञानाचा तितकाच कमी उपयोग होतो. तज्ज्ञांवर भिस्त ठेवायची असेल, तर त्यांना काय सांगायचे हे आधी शिकावे लागते.

हृदय बंद पडल्यास करायच्या क्रियेविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिच्याने वाचणाऱ्यांचे प्रमाण अल्प आहे आणि खोटी आशा दाखवणे योग्य नाही. पशुवैद्यकातल्या ‘रिकव्हर’ या मार्गदर्शक सूचना २०१२ साली निघाल्या आणि २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. त्यांनुसार मांजराला कुशीवर ठेवून, छाती एका हाताच्या पकडीत घेऊन, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या रुंदीच्या एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दाब द्यायचा असतो.

मांजराला मदत करणाऱ्या हाताचीही काळजी घ्यावी लागते, आणि प्रेमळ मांजर चावत नाही या समजापायी ती घेतली जात नाही. वेदनेत असलेले सर्वांत लाडके मांजरही चावते, आणि त्याचे सुईसारखे दात जंतूंना सांध्यापर्यंत नेऊन पोचवतात; हात एका दिवसात लाल होऊन सुजू शकतो. म्हणून जाड टॉवेलमध्ये मांजर गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवायचे, आणि चावा बसलाच तर तो धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. न्यूझीलंडमध्ये रेबीज नाही, महाराष्ट्रात आहे. तेथे मांजराने चावले किंवा ओरबाडले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लस घेण्यात चालढकल करायची नसते, आणि सुट्टीत गावी गेलेल्या मुलांना ऑकलंडची निश्चिंती तेथे चालत नाही हे सांगितलेच पाहिजे.

हे सगळे परदेशी चोचले आहेत, असा एक आक्षेप उरतो. पण प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत १८७४ साली स्थापन झाली, परळला प्राण्यांसाठी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ साली उभे राहिले आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. मांजर मारल्यास सोन्याचे मांजर काशीला दान करावे लागते, असे सांगत आलेल्या आणि षष्ठी देवीचे वाहन मांजर मानणाऱ्या समाजाला त्याच्या जिवाची काळजी परकी कशी वाटते? भारतातल्या १९६० च्या कायद्याने प्राणी बाळगणाऱ्यावर त्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य टाकले आहे. न्यूझीलंडचा १९९९ चा प्राणिकल्याण कायदा आणखी स्पष्ट आहे: त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे आजारी वा जखमी प्राण्याला अकारण होणारी वेदना कमी करणारे उपचार मिळतील हे पाहणे मालकावर बंधनकारक आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीने प्राण्यांना संवेदना असतात हे कायद्यात नमूद झाले. चाटून बरे होईल, हे त्या कलमाचे उत्तर होऊ शकत नाही.

खर्चाचा आक्षेप खरा आहे, कारण पशुवैद्याचे शुल्क येथे जबर आहे. पण टॉवेल, गॉज, मीठ, थर्मामीटर आणि कागदावर लिहिलेला क्रमांक यांना किती खर्च येतो? वेळेत दाबून धरलेली जखम उशिरा आणलेल्या गळू-पुवापेक्षा स्वस्त पडते. मांजरे पक्षी मारतात म्हणून त्यांचा एवढा विचार कशाला, असे म्हणणारेही आहेत. २०१३ साली अर्थतज्ज्ञ गॅरेथ मॉर्गन यांनी मांजरांविरुद्ध मोहीम काढली तेव्हापासून हा सूर न्यूझीलंडमध्ये मोठा झाला आहे. स्थानिक पक्ष्यांची हानी हा गंभीर प्रश्न आहे, आणि त्यावरचे उत्तर मांजर घरात किंवा बंदिस्त अंगणात ठेवणे हे आहे, ज्याने पक्षी वाचतात आणि भांडणे, गाड्या, विषारी आमिषे यांपासून मांजरही वाचते. जखमी प्राण्याला तडफडत ठेवल्याने एकही पक्षी वाचत नाही.

शेवटचे मत बोलून दाखवले जात नाही, फक्त आचरले जाते. ते म्हणजे ‘सकाळी बघू’. दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्र येथे जवळजवळ येतात, फटाक्यांनी भेदरलेली मांजरे पळतात, आपटतात, आणि ती घरी येतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पण या मताची सर्वांत कठोर परीक्षा कोणत्याही आवाजाविना होते. बोका पुन्हा पुन्हा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, क्वचित ओरडतो, आणि बाहेर येतो तेव्हा वाळू कोरडी असते. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झाला असेल, एरंडेल द्या. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात खडे किंवा श्लेष्म्याचे बूच अडकले की लघवी तुंबते, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि अखेर हृदयाचे ठोके मंदावतात. पोट दाबून पाहिले तर तटतटलेले मूत्राशय फुटू शकते. पूर्ण तुंबल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ एक ते दोन दिवसांचा असतो, आणि तुंबणे संध्याकाळी लक्षात आले म्हणजे ते संध्याकाळीच सुरू झाले असे नसते; सकाळची वाट पाहणाऱ्यांनी त्या काळातला किती भाग आधीच खर्च झाला आहे हे मोजलेले नसते. येथे पाजण्यासारखे, लावण्यासारखे, चोळण्यासारखे घरात काहीही नाही. कोरड्या वाळूकडे पाहून काय घडते आहे ते ओळखणे, माळ्यावर टाकलेला नव्हे तर दाराशी ठेवलेला कॅरिअर उघडणे, फ्रिजवर चिकटवलेल्या क्रमांकावर फोन लावून ‘बोका आहे, दुपारपासून लघवी झालेली नाही’ असे सांगणे, आणि त्याच रात्री गाडी बाहेर काढणे, एवढाच त्याचा प्रथमोपचार आहे.